वामनदादांची ‘वाटचाल’ : शाळेत न गेलेल्या कवीच्या पहिल्या गीतसंग्रहातून आमच्या चौथीच्या वर्गानं काय घेतलं



या लेखाचा विषय आहे लोककवी वामनदादा कर्डक आणि त्यांचा पहिला गीतसंग्रह ‘वाटचाल’. दादा आपल्याच नाशिक जिल्ह्यातले, सिन्नर तालुक्यातल्या देशवंडी गावचे. तरीही माझ्या वर्गातल्या एकाही मुलाला त्यांचं नाव माहीत नव्हतं. खरं सांगायचं तर मलाही जयंतीच्या मिरवणुकीत ऐकलेल्या गाण्यांपलीकडे फारसं काही माहीत नव्हतं. माहिती करून घ्यायची वेळ का आली, ते आधी सांगते.

चष्मा घरी राहिला

मी कळवण तालुक्यात प्राथमिक शाळेत शिकवते. माझ्या चौथीच्या वर्गात एक मुलगा होता. त्याचं नाव लिहीत नाही. वाचनाच्या पडताळणीत तो अक्षर स्तरावर अडकलेला. ‘क’ ओळखायचा, ‘की’ आणि ‘कि’ मध्ये गोंधळायचा आणि जोडाक्षर आलं की थेट खिडकीबाहेर बघायचा. पण परिपाठाला गाणं म्हणायला सांगितलं की हा पहिल्या रांगेत. डोंगऱ्या देवाच्या उत्सवातली, लग्नातली, मोबाईलवर वाजणारी अशी कुठलीही चाल दोनदा ऐकली की त्याला पाठ. बाक वाजवून ठेकासुद्धा धरायचा.

मी त्याला काय म्हणाले असेन? “गाणी पुरे झाली आता, जरा वाचनाकडे बघ.” हे वाक्य मी वर्षभरात कितीदा बोलले, याचा हिशोब नाही.

एकदा त्याचे वडील शाळेत आले. कांदा लावणीचे दिवस होते, पायाला चिखल तसाच होता. हातात घडी घातलेला एक कागद. माझ्यापुढे धरून म्हणाले, “मॅडम, चष्मा घरी राह्यला, तुम्हीच वाचून सांगा ना.” बँकेचं पत्र होतं. मुलाच्या शिष्यवृत्तीच्या खात्याला आधार जोडायचं राहिलंय, एवढंच त्यात होतं. मी वाचून दाखवलं आणि काय करायचं ते सांगितलं. ते निघाले तेव्हा मुलगा दारातच उभा होता. वडील फाटकाबाहेर गेल्यावर तो हळूच म्हणाला, “मॅडम, आमच्या बाबाकडं चष्माच नाय.”

त्या रात्री मला झोप लागेना. चष्मा घरी राहिला, हे वाक्य मी आजवर किती पालकांच्या तोंडून ऐकलं होतं आणि दर वेळी खरं मानलं होतं. चाळिशीच्या आतल्या माणसाला वाचायचा चष्मा सहसा लागत नाही, एवढाही विचार कधी केला नव्हता.

पुढच्याच आठवड्यात एका सहकारी शिक्षकांशी बोलताना त्यांनी वामनदादांच्या पत्राची गोष्ट सांगितली. तिथून हा सगळा उपक्रम सुरू झाला.

कवी परिचय

वामन तबाजी कर्डक. जन्म १५ ऑगस्ट १९२२. मुलांना ही तारीख सांगितली की लगेच लक्षात राहते. ज्या दिवशी देश स्वतंत्र झाला, त्या दिवशी दादा बरोबर पंचवीस वर्षांचे झाले होते.

त्यांचं बालपण आपल्या जिल्ह्यातल्या मोठ्या उलथापालथीच्या काळातलं. २ मार्च १९३० रोजी नाशिकला काळाराम मंदिर प्रवेशाचा सत्याग्रह सुरू झाला, तेव्हा ते सात वर्षांचे होते. १३ ऑक्टोबर १९३५ ला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी येवल्याला धर्मांतराची घोषणा केली, तेव्हा तेरा वर्षांचे. आज बसने दोन-तीन तासांत आपण जिथे पोचतो, त्या गावांत हे सगळं घडत होतं. परिसर अभ्यासाच्या तासाला जिल्ह्याचा नकाशा काढून नाशिक, येवला आणि सिन्नर या तीन ठिकाणी ठिपके द्या. इतिहास एकदम जवळचा वाटू लागतो.

शाळेची पायरी मात्र दादांच्या नशिबी नव्हती. पोट भरायला ते मुंबईला गेले. गिरणीत काम केलं, फेरीवाल्यासारखं फिरून वस्तू विकल्या, मिळेल ती मजुरी केली. कामगारांच्या चाळीत राहिले. तिथेच एकदा एक माणूस पत्र घेऊन त्यांच्याकडे आला आणि वाचून दाखवा म्हणाला. दादांना वाचता येत नव्हतं. तरण्याताठ्या माणसाला हे कबूल करावं लागलं आणि ते त्यांच्या फार जिव्हारी लागलं.

मग चाळीतल्याच देहलवी नावाच्या एका गृहस्थांकडून त्यांनी बाराखडी शिकून घेतली. पुढचा अभ्यास त्यांचा त्यांनीच केला, तोही मुंबईच्या रस्त्यांवर. दुकानांच्या पाट्या, फलक वाचत वाचत ते जोडाक्षरं शिकले.

शिक्षक म्हणून इथे मला थांबावंसं वाटलं. आपण जोडाक्षरांचे तक्ते भिंतीवर लावतो आणि मुलं त्यांच्याकडे बघतही नाहीत. या माणसानं अख्ख्या शहराचाच तक्ता केला! पाटी वाचता आली की दुकान कशाचं ते कळतं, म्हणजे वाचण्याचा उपयोग जागेवरच दिसतो. आपल्या तक्त्यावरचं ‘क्ष क्षत्रियाचा’ वाचून मुलाला लगेच काय मिळतं?

१९४३ साली दादांनी पहिलं गाणं रचलं, तेव्हा त्यांना एकविसावं वर्ष चालू होतं. ते गाणं एका हिंदी सिनेगीताच्या चालीवर केलेलं विडंबन होतं. बाबासाहेबांना त्यांनी पहिल्यांदा पाहिलं तेही याच वर्षी. त्यानंतर मात्र त्यांचं गाणं निव्वळ करमणुकीचं राहिलं नाही. समाजात जे बदलायला हवं ते सांगण्यासाठी ते गाऊ लागले आणि गावोगाव फिरत राहिले. १५ मे २००४ रोजी त्यांचं निधन झालं. ‘माझ्या जीवनाचं गाणं’ हे त्यांचं आत्मकथन आहे.

एक गोष्ट सांगून ठेवते, कारण आमच्या शाळेतही हा घोळ झाला. भीमराव कर्डक वेगळे आणि वामन कर्डक वेगळे. भीमराव निफाड तालुक्यातल्या कसबे सुकेण्याचे आणि वयानं मोठे. आंबेडकरी जलशांची सुरुवात करणाऱ्यांत त्यांचं नाव आहे. सत्यशोधक जलसे त्याच्याही आधीचे. वामनदादा या परंपरेतल्या पुढच्या पिढीचे. दोघेही नाशिक जिल्ह्याचे, दोघेही कर्डक, म्हणून गोंधळ होतो.

पहिलं गाणं १९४३, पहिलं पुस्तक १९७३

आता मुख्य मुद्द्याकडे येते. दादांचा पहिला गीतसंग्रह ‘वाटचाल’ १९७३ साली आला. त्यानंतर १९७६ ला ‘मोहळ’ आणि १९७७ ला ‘हे गीत वामनाचे’. म्हणजे पहिल्या गाण्यापासून पहिल्या पुस्तकापर्यंत तीस वर्षं गेली.

मी वर्गात विचारलं, “तीस वर्षं ही गाणी कुठे होती?”

पहिलं उत्तर आलं, “वहीत.” दुसरं, “पेटीत.” आमचा तो गाणारा मुलगा म्हणाला, “लोकांच्या तोंडात.”

बरोबर! गाणं सभेत म्हटलं जायचं, ऐकणारा ते पाठ करायचा, दुसऱ्या गावी जाऊन म्हणायचा. लग्न, जयंती, मोर्चा, असा कुठलाही प्रसंग गाण्याला पुरे. प्रल्हाद शिंदे, विठ्ठल उमप यांच्यासारख्या गायकांच्या गळ्यातूनही दादांचे शब्द महाराष्ट्रभर गेले. १९५१ च्या जनगणनेत देशातलं साक्षरतेचं प्रमाण साधारण १८ टक्के होतं. ज्यांच्यासाठी ही गाणी होती, त्या मजुरांत तर ते याहूनही कमी असणार. अशा लोकांपर्यंत पुस्तक काय पोचणार? गाण्याला मात्र ऐकणाऱ्याची पाचवी-सातवी लागत नाही.

पण नुसत्या तोंडी गाण्याला एक धोका असतो. म्हणणारा बदलला की शब्द बदलतात, एखादं कडवं गळतं आणि कधी कधी कवीचं नावच गळून पडतं. आमच्याकडच्या कितीतरी सुंदर गाण्यांचे कर्ते कोण, हे आज कुणालाच सांगता येणार नाही. यावर आपल्या जुन्या कवींनी एक साधा उपाय शोधला होता, तो म्हणजे नाममुद्रा. शेवटच्या कडव्यात स्वतःचं नाव गुंफायचं. नामदेव, तुकाराम, जनाबाई, सगळ्यांनी तसं केलं. वामनदादाही शेवटच्या कडव्यात ‘वामन’ हे नाव बसवतात. कागद नसलेल्या जगात कवीची सही म्हणजे हीच. ती ओळ गाळली तर यमक तुटतं, म्हणून गाणाऱ्यालाही नाव गाळता येत नाही. किती हुशारीची गोष्ट आहे बघा!

‘वाटचाल’ छापून आली तेव्हा दादा पन्नाशीला पोचले होते. ज्या माणसाला एकेकाळी दुसऱ्याचं पत्र वाचता आलं नव्हतं, त्याचं नाव आता पुस्तकाच्या कव्हरवर होतं. मुलांना हे सांगितलं तेव्हा वर्ग शांत झाला. मला वेगळं तात्पर्य सांगावं लागलं नाही.

अल्बम म्हणजे काय? थोडं जगाकडे बघू

एका मुलीनं विचारलं, “मॅडम, त्यांचा अल्बम नव्हता का?” आजकाल गाणी म्हटली की मुलांच्या डोक्यात अल्बम, व्हिडिओ आणि लाईक येतात. प्रश्न चांगला होता. मी थोडं वाचलं आणि दुसऱ्या दिवशी वर्गाला सांगितलं.

पूर्वी गाण्यांच्या काळ्या तबकड्या मिळायच्या, मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या. तबकडीच्या एका बाजूला साधारण तीन मिनिटांचं एक गाणं मावायचं. एकाच गायकाच्या चार-पाच तबकड्या एकत्र विकायच्या तर त्या जाड पुठ्ठ्याच्या पुस्तकात, पाकिटासारख्या पानांत घालून द्यायचे. फोटोंचा अल्बम असतो ना, अगदी तसं. म्हणून गाण्यांच्या संचाला अल्बम हे नाव पडलं. थोडक्यात, पहिले अल्बम पुस्तकासारखेच दिसायचे!

अमेरिकेत वुडी गथ्री नावाचे एक खेडवळ गायक-कवी होऊन गेले. जन्म १९१२, ओक्लाहोमा राज्यातला. १९३० च्या दशकात तिथल्या मोठ्या भागात दुष्काळ पडला आणि उघडी पडलेली शेतातली माती वादळांनी आभाळात नेली. हजारो शेतकरी कुटुंबं घरदार सोडून मजुरीसाठी कॅलिफोर्नियाला निघाली. गथ्री त्या लोकांमध्ये वावरले, त्यांच्यासाठी गायले. त्यांचा पहिला अल्बम ‘डस्ट बोल बॅलड्स’ १९४० साली निघाला. नावाचा अर्थ धुळीच्या मुलखातली गाणी. त्यांची पुष्कळ गाणी जुन्या, लोकांना आधीच पाठ असलेल्या चालींवर बांधलेली होती. नवे शब्द, जुनी चाल.

म्हणजे इकडे वामनदादा करत होते तेच. दोघांची ओळख नव्हती, भाषा वेगळी, देश वेगळा, दुःखाचं कारणही वेगळं. पण गरिबांपर्यंत गाणं पोचवायचं तर त्यांच्या ओठावरचीच चाल घ्यावी, हे दोघांनाही कळलं होतं. फरक एवढाच की गथ्रींना तबकडी काढणारी मोठी कंपनी मिळाली. दादांचा पहिला ‘अल्बम’ म्हणजे त्यांचं पुस्तक, आणि त्यासाठी तीस वर्षं जावी लागली. भीमगीतांच्या कॅसेटी घरोघरी वाजायला लागल्या त्या आणखी नंतर, १९८० च्या दशकात.

आमच्या भागातली मुलं ही दुष्काळाची गोष्ट कान देऊन ऐकतात. त्यांच्यातल्या काहींचे आईवडील द्राक्ष हंगामाला पिंपळगाव-दिंडोरीकडे कामाला जातात. घर सोडून जाणं म्हणजे काय, हे त्यांना समजावून सांगावं लागत नाही.

वर्गात घेतलेले उपक्रम

*१. पाटी-वाचन.* दादांसारखं शिकायचं ठरलं. शनिवारी मुलांना घेऊन कळवणच्या बाजारपेठेत गेलो. प्रत्येकाच्या हातात वही-पेन्सिल. नियम एकच : ज्या पाटीत जोडाक्षर असेल ती लिहून आणायची. एसटी स्टँडवर तर खजिनाच सापडला. ‘महाराष्ट्र राज्य मार्ग परिवहन’ या चार शब्दांतच ष्ट्र, ज्य आणि र्ग. ‘सप्तशृंगी गड’ मध्ये प्त. बाजारात ‘कृषी सेवा केंद्र’, ‘झेरॉक्स’, ‘जनरल स्टोअर्स’, ‘वस्त्रालय’. काही पाट्यांवर चुका होत्या, त्या मुलांनीच पकडल्या आणि त्यांना भलताच आनंद झाला. वर्गात येऊन जोडाक्षरांची फोड केली. ष् + ट् + र = ष्ट्र. भिंतीवर आता विकतच्या तक्त्याऐवजी ‘आमच्या कळवणच्या पाट्या’ हा मुलांनी केलेला तक्ता आहे. हा तक्ता मुलं येता-जाता वाचतात.

*२. पाठ असलेल्या गाण्याचं वाचन.* मुलांना जे गाणं तोंडपाठ आहे, तेच मोठ्या अक्षरात फळ्यावर लिहायचं. म्हणताना प्रत्येक शब्दाखाली बोट न्यायचं. पुढे कोणता शब्द येणार हे मुलाला माहीत असतं, त्यामुळे भीती नसते आणि तोंडचा शब्द डोळ्यापुढच्या अक्षरांशी जुळायला लागतो.

पण एक सावधगिरी हवी. मूल न बघताच पाठ म्हणतं आणि आपल्याला वाटतं की ते वाचतंय! सुरुवातीला मीही फसले. म्हणून ओळींच्या पट्ट्या कापायच्या, विस्कटून द्यायच्या आणि क्रमानं लावायला सांगायच्या. नंतर पट्टीचेही शब्द सुटे करायचे. मधला एक शब्द हातानं झाकून “इथे काय असेल?” विचारायचं, मग हात काढून ताडून बघायचं. शेवटी गाण्यातलेच शब्द घेऊन, गाण्यात नसलेलं वाक्य तयार करून वाचायला द्यायचं. ते वाचता आलं तर खरं वाचन.

*३. चाल तीच, शब्द आपले.* दादांनी सुरुवात अशीच केली होती. मुलांना आवडती एक चाल निवडू दिली. आधी धृपद, मग कडवं. धृपद म्हणजे पुन्हा पुन्हा येणारी ओळ, जी सगळ्यांनी मिळून झील धरून म्हणायची. चालीत शब्द बसला नाही तर मुलांना लगेच कळतं, कारण म्हणताना अडखळायला होतं. मात्रा, वृत्त हे शब्द मी उच्चारलेही नाहीत. “लांब होतंय, एक अक्षर काढ,” असं ती एकमेकांना सांगत होती.

*४. नाममुद्रा.* शेवटच्या ओळीत स्वतःचं नाव बसवायचं. माझ्या अंदाजापेक्षा हे अवघड निघालं. चार अक्षरी नावाचं मूल रुसलं, दोन अक्षरी नावाचं खूश. पण आपलं नाव शुद्ध लिहिण्यासाठी मुलं जेवढी धडपडली, तेवढी कुठल्याही शुद्धलेखनाला धडपडली नव्हती.

*५. घरचं गाणं.* आजी-आजोबांना, आई-बाबांना येणारं एक गाणं ऐकून लिहून आणायचं. कोकणा बोलीत असो की अहिराणीत, जसं ऐकलं तसं. प्रमाण मराठीत ‘सुधारून’ लिहायचं नाही, ही सूचना मी मुद्दाम दिली. ज्या घरात कुणालाच लिहिता येत नाही, त्या घराला या गृहपाठात पहिल्यांदा काहीतरी देता आलं. एरवी आपला गृहपाठ अशा घराकडून फक्त मागतच असतो.

*६. वर्गाचा गीतसंग्रह.* सगळी गाणी एका जाड वहीत उतरवली. एका पानावर गाणं, समोरच्या पानावर चित्र. वहीला नाव काय द्यायचं यावर मतदान झालं आणि ‘आमची वाटचाल’ हे नाव जिंकलं. ही वही आता दर आठवड्याला एका घरी जाते आणि परत येते.

एका पालकांचा प्रश्न

हे सगळं चालू असताना एका पालकांनी मला फाटकाजवळ थांबवून विचारलं, “मॅडम, ही तर जयंतीची गाणी. एका समाजाची. शाळेत कशाला?”

आपल्यापैकी बऱ्याच जणांना असा प्रश्न येईल, म्हणून मी काय उत्तर दिलं ते लिहिते. मी म्हटलं, दादा आंबेडकरी चळवळीचे कवी होते, हे मी मुलांपासून लपवणार नाही. लपवलं तर ते गायला का लागले, हेच मुलांना कळणार नाही. पण शाळा न मिळालेल्या माणसाचं अक्षरासाठी झुरणं एका समाजाचं नसतं. तुमच्या-माझ्या आजीलाही शाळा मिळाली नव्हती. संतांचे अभंग शिकवताना आपण त्यांची जात विचारत नाही, मग इथेच का विचारावी?

त्यांना लगेच पटलं असं म्हणणार नाही. “बघू,” म्हणून ते गेले. पण त्यांच्या मुलीनं घरचं गाणं आणलं ते तिच्या आजीचं, जात्यावरचं. ते म्हणताना आजी रडली, असं ती सांगत होती.

दुसरी एक काळजी मी घेतली. “बघा, ते न शिकता एवढे मोठे झाले,” असं वर्गात अजिबात बोलायचं नाही. मुलं त्याचा भलताच अर्थ घेतात, की शाळेशिवायही चालतं. दादा न शिकता मोठे झालेले नाहीत. त्यांनी मोठेपणी, दिवसभराच्या कामानंतर, जे आपल्याला सहावं वर्ष लागलं की सहज मिळतं ते कष्टानं मिळवलं. त्यांना सहाव्या वर्षी शाळा मिळाली असती तर? हा प्रश्न मुलांपुढे ठेवा. आमच्या वर्गात यावर अर्धा तास चर्चा झाली.

काय साधलं, काय राहिलं

आता त्या मुलाबद्दल. चमत्कार वगैरे झाला नाही. दिवाळीपर्यंत तो शब्द स्तरावर आला, वर्षाअखेर सोपी वाक्यं वाचू लागला. जोडाक्षर अजून अडतं. चौथीसाठी ही प्रगती कमीच आहे आणि कागदावर तो अजूनही ‘अप्रगत’ मध्येच मोडेल. पण वाचनाचा तास आला की तो खिडकीबाहेर बघत नाही.

‘आमची वाटचाल’ मध्ये त्याचं गाणं आहे. सगळं देत नाही, सुरुवातीच्या दोन ओळी त्याच्या परवानगीनं देते :

कांदा गेला मार्केटला, बाबा गेला संगं
भाव काही गावला नाही, उतरला रंग.

लिहिताना ‘मार्केट’ मधला रफार त्यानं तीनदा खोडला होता. शेवटच्या ओळीत त्याचं नाव आहे, एकही चूक नसलेलं.

वही फिरत फिरत त्यांच्या घरी गेली, तेव्हा ती परत द्यायला वडील स्वतः आले. पान उघडून त्यांनी माझ्यापुढे धरलं. मला वाटलं, आता चष्म्याचं सांगतील. पण ते म्हणाले, “पोरानं वाचून दाखवलं काल. पण मला येत नाय वाचाया, मॅडम. यातलं माझं नाव कुठंशी हाये, तेवढं दाखवा.”

गाण्यात त्यांचं नाव नव्हतं, ‘बाबा’ एवढंच होतं. मी ‘बाबा’ वर बोट ठेवलं. दोनच अक्षरं, त्यातही एकच अक्षर दोनदा. त्यांनी ती बराच वेळ पाहिली. मग माझ्या टेबलावरच्या तक्त्यात तसंच ‘ब’ शोधून काढलं.

त्या दिवसापासून “गाणी पुरे झाली” हे वाक्य मी वर्गात बोललेले नाही.

शिक्षक-पालकांसाठी थोडक्यात

• १५ ऑगस्टच्या परिपाठात वामनदादांचा परिचय जरूर द्या, त्यांचा जन्मदिवस तोच आहे. ३ मिनिटं पुरतात.
• पाटी-वाचनासाठी वेगळा खर्च नाही. पालकांनी बाजाराला जाताना मुलाला एवढंच सांगावं, “ही पाटी वाच बरं.”
• पाठ म्हणणं आणि वाचणं यातला फरक ओळ विस्कटून तपासा.
• घरच्या बोलीतलं गाणं वर्गात येऊ द्या. बोली आली की तिच्या मागोमाग घरही शाळेत येतं.
• एखादे पालक चष्मा घरी राहिला म्हणाले, तर हसू नका आणि खोदून विचारूही नका. कागद हातात घ्या, शेजारी बसवून बोट ठेवत ठेवत वाचून दाखवा.

मुलांसाठी स्वाध्याय

१. वामनदादांच्या पहिल्या गाण्यापासून पहिल्या पुस्तकापर्यंत किती वर्षं गेली? ती गाणी तेवढा काळ कशी टिकली असतील?
२. शाळेत येताना दिसणाऱ्या पाच पाट्या लिहा आणि त्यांतली जोडाक्षरं गोल करा.
३. घरातल्या मोठ्या माणसाकडून एक गाणं ऐका आणि जसंच्या तसं लिहा.
४. तुमच्या आवडत्या चालीवर चार ओळी रचा. शेवटच्या ओळीत स्वतःचं नाव आलं पाहिजे!

आपल्या शाळेत हा उपक्रम घेतलात तर मुलांनी आणलेल्या पाट्या आणि गाणी जपून ठेवा. पुढच्या वर्षीच्या मुलांना पहिलं वाचन त्यातूनच देता येईल.